‘हॅव’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आणि त्यावर उभारलेले एक अनुमान

भाषा आणि संस्कृती यांच्या परस्परसंबंधावर व्याख्यान देणारे वक्ते अलीकडे एक विधान वारंवार करताना आढळतात. इंग्रजीत ‘हॅव’ हे क्रियापद आहे, मराठीत त्याला प्रतिशब्द नाही. इंग्रज ‘मी घर बाळगून आहे’ अशा थाटात बोलतो, आपण मात्र ‘माझे घर आहे’ एवढेच म्हणतो. सबब आपली भाषा, आणि भाषेच्या द्वारा आपली वृत्तीही, मूलतः निःसंग आहे, असे ते विधान होय. ते ऐकून सभेत संतोषाची एक लहर उमटते. प्रस्तुत लेखकानेही विद्यार्थिदशेत हेच विधान एका निबंधात मोठ्या विश्वासाने लिहिले होते व त्याबद्दल त्याला चांगले गुणही मिळाले होते. आज ते विधान तपासून पाहण्याची आवश्यकता वाटते. त्याची दोन्ही पदे सदोष आहेत. ‘हॅव’चा अर्थ स्वामित्व असा नाही, आणि ‘हॅव’च्या अभावाचा अर्थ स्वामित्वभावनेचा अभाव असाही नाही.

या विधानाला विद्वन्मान्यता मिळवून देणारा ग्रंथ म्हणजे एरिक फ्रॉम यांचा १९७६ साली प्रसिद्ध झालेला ‘टू हॅव ऑर टू बी?’ हा होय. मनुष्याच्या अस्तित्वाचे दोन प्रकार फ्रॉम मानतात. एक संग्रहप्रधान, दुसरा सत्ताप्रधान; येथे ‘सत्ता’ हा शब्द ‘असणे’ या जुन्या तात्त्विक अर्थाने घ्यावयाचा. ग्रंथाच्या आरंभीच या भेदाला भाषेचा आधार देण्याचा प्रयत्न त्यांनी केला आहे. अनेक भाषांत ‘हॅव’ला शब्द नाही, हिब्रू भाषेत ‘मला आहे’ अशी रचना करावी लागते, भाषांच्या विकासात ‘मला आहे’ ही रचना आधीची व ‘हॅव’ची रचना नंतरची, आणि ज्या समाजात वस्तू केवळ उपयोगापुरत्या जवळ असतात तेथे हा शब्द आढळत नाही, खासगी मालमत्तेच्या विकासाबरोबर तो उदय पावत असावा, अशी ही विचारमाला आहे. फ्रॉम यांनी हे शेवटचे अनुमान सूचनेच्या स्वरूपात मांडले, सिद्धांत म्हणून नव्हे, हे त्यांना न्याय देण्यासाठी नमूद केले पाहिजे. त्यांच्या मागून आलेल्यांनी ती मर्यादा पाळली नाही.

प्रथम इंग्रजीकडे वळू. ‘हॅव’ हे प्राचीन इंग्रजीतील ‘हब्बान’ या धातूचे आजचे रूप. लॅटिन ‘हाबेरे’ याच्याशी त्याचे रूपसादृश्य इतके आहे की दोहोंचे मूळ एकच असावे असे कोणासही वाटावे. परंतु ध्वनिपरिवर्तनाचे नियम ते मान्य करीत नाहीत. मूळ आर्यभाषेतील ‘क’काराचा जर्मानिक शाखेत ‘ह’कार होतो, म्हणून ‘हॅव’चा खरा सगोत्र लॅटिनमधील ‘कापेरे’, म्हणजे पकडणे, घेणे, हा धातू आहे. तेव्हा शब्दाचा आरंभ मुठीत धरण्यापासून झाला, यात संशय नाही. पर्शियनमध्ये ‘हॅव’चे काम करणारा ‘दाश्तन’ हा धातूही संस्कृत ‘धृ’चाच भाऊबंद आहे. धरण्याच्या क्रियेतून धरून असण्याची स्थिती आणि त्या स्थितीतून नुसता संबंध, असा हा प्रवास अनेक भाषांत झालेला दिसतो. व्युत्पत्ती हा अर्थाचा जन्म होय. जन्मावरून प्रौढपणीचे वर्तन ठरत नाही, हे व्युत्पत्तिप्रेमी मंडळी फार सहज विसरतात.

आजच्या इंग्रजीत ‘हॅव’ काय करते? ‘आय हॅव द बुक, बट इट इज नॉट माइन’ हे वाक्य कोणाही इंग्रजीभाषकाला खटकत नाही. ग्रंथालयातून आणलेले पुस्तक, शेजाऱ्याची छत्री, चुकून हाती आलेले दुसऱ्याचे टपाल, या सर्वांना ‘हॅव’ चालते. मालकी सांगावयाची झाल्यास इंग्रजीला ‘ओन’ किंवा ‘बिलाँग’ यांच्याकडे जावे लागते. ‘ओन’चा नकार व ‘हॅव’चा होकार एकाच वाक्यात सुखाने नांदतात, त्या अर्थी दोहोंचा अर्थ एक नव्हे. पुढे ‘द टेबल हॅज अ बुक ऑन इट’ हे वाक्य घ्या. मेज कशाचीच मालकी सांगू शकत नाही. मेजावर पुस्तक आहे ही वस्तुस्थिती. त्या वस्तुस्थितीतील ‘मेज’ हे पद उचलून कर्त्याच्या जागी बसविणे, एवढेच ‘हॅव’ने केले आहे.

एमिल बेनव्हेनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली लिहिलेल्या एका निबंधात याचे मर्म सांगितले आहे. त्याच्या मते ‘हॅव’च्या जातीची क्रियापदे दिसावयास सकर्मक असली तरी वस्तुतः स्थितिदर्शक आहेत, ‘अमक्याला असणे’ या रचनेची ती उलटी बाजू होय. सकर्मक क्रियापदाची कसोटी कर्मणि प्रयोग. ‘माझ्याकडून एक मोटार असली जाते’ असे जसे मराठीत नाही, तसे ‘अ कार इज हॅड बाय मी’ असेही इंग्रजीत नाही. या नियमाला जे अपवाद दिसतात तेच नियमाचे उत्तम समर्थन करतात. ‘अ गुड टाइम वॉज हॅड बाय ऑल’ हे वाक्य रूढ आहे. पण तेथे ‘हॅव’ म्हणजे अनुभवणे, उपभोगणे ही क्रिया आहे, स्थिती नव्हे. ‘हॅव लंच’, ‘हॅव अ बाथ’, ‘हॅव अ लुक’ यांतही तेच. म्हणूनच ‘ही इज हॅविंग लंच’ शुद्ध आणि ‘ही इज हॅविंग अ कार’ अशुद्ध.

या शेवटच्या वाक्याच्या निमित्ताने थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे भारतीय इंग्रजीचे एक प्रसिद्ध लक्षण मानले जाते, आणि शिक्षक त्याचा दोष मातृभाषेच्या माथी मारून मोकळे होतात. हा न्याय नव्हे. ‘मला दोन भाऊ असत आहेत’ असे कोणता मराठी मुलगा म्हणतो? मराठीत येथे साधा वर्तमानकाळच आहे, हिंदीतही तोच. तेव्हा ही चूक शब्दशः भाषांतरातून आलेली नाही. आमचा तर्क असा की तिचे मूळ वर्गातल्या कोष्टकात असावे. ‘करीत आहे’ म्हणजे ‘इज डूइंग’ हे समीकरण मुलांकडून इतके घोकून घेतले जाते की वाक्यात ‘आहे’ दिसला की त्याचा हात आपोआप ‘इंग’कडे जातो. हा तर्क प्रयोगाने पडताळून पाहण्याजोगा आहे. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने तो विषय घ्यावा.

मूळ मुद्द्याकडे येऊ. ‘हॅव’ची परीक्षा घ्यावयाची तर तिची सर्वांत उपयुक्त जागा म्हणजे ‘शी हॅड हर हेअर कट’ आणि ‘शी हॅड हर पर्स स्टोलन’ ही जोडी. रचना अक्षरशः एकच. पहिल्यात तिने केस कापवून घेतले. दुसऱ्यात तिची पाकीटचोरी झाली. पहिल्यात ती प्रयोजक कर्ती, दुसऱ्यात बळी. क्रियापदाच्या अर्थात जर स्वामित्व, नियंत्रण किंवा इच्छा यांपैकी काही मूलभूत असते, तर दुसरे वाक्य संभवलेच नसते. दोहोंत समान उरते ते एवढेच की एक घटना घडली आणि कर्तृपदी असलेल्या व्यक्तीशी तिचा संबंध पोहोचला. तो संबंध कोणत्या जातीचा, हे ‘हॅव’ सांगत नाही; पुढील शब्द व आपले जगाचे ज्ञान सांगतात. मराठीला मात्र या दोन वाक्यांसाठी दोन भिन्न रचना कराव्या लागतात. पहिल्यासाठी ‘कापवून घेतले’ असे प्रयोजक रूप हवे. दुसऱ्यासाठी ‘तिचे पाकीट चोरीला गेले’ अशी षष्ठीची वाट धरावी लागते.

अर्थ असा विरळ झाला की रूपही झिजते, आणि ‘हॅव’च्या उच्चाराने याची साक्ष पुरविली आहे. ‘आय हॅव टू बुक्स’ म्हणजे ‘मजजवळ दोन पुस्तके आहेत’, यात ‘व’ स्पष्ट राहतो. ‘आय हॅव टु गो’ म्हणजे ‘मला जावे लागेल’, यात त्याचा ‘फ’ होऊन ‘हॅफ्टा’ असे जवळजवळ एकजीव रूप ऐकू येते. पूर्णकाळाच्या सहायकाची अवस्था तर याहून क्षीण. ‘कुड हॅव’मधील ‘हॅव’चा उच्चार इतका पुसट झाला आहे की तो ‘ऑफ’ समजून लिहिणारे इंग्रज विद्यार्थी त्यांच्या शिक्षकांना नित्य त्रास देतात. ज्याला आपण एक क्रियापद म्हणतो ते तोंडात तीन झाले आहे. उलट ‘जवळ असणे’ या अर्थाला बळकटी आणण्यासाठी बोलणाऱ्यांनी ‘गॉट’ची जोड दिली. ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे शब्दशः ‘मी मोटार मिळविली आहे’. आज त्याचा अर्थ केवळ ‘मजजवळ मोटार आहे’. अमेरिकन इंग्रजीने मिळविण्यासाठी ‘गॉटन’ वेगळे राखले, ब्रिटिश इंग्रजीने ते टाकले. ‘हॅव यू अ पेन?’ ही जुनी ब्रिटिश धाटणी मागे पडून ‘डू यू हॅव अ पेन?’ सर्वत्र रूढ झाले, तेही याच घडामोडीचे अंग.

पूर्णकाळाचा इतिहास तर मराठी अभ्यासकाला घरचाच वाटेल. ‘आय हॅव रिटन द लेटर’ ही रचना आरंभी ‘मजजवळ पत्र लिहिलेले आहे’ अशी होती, आणि प्राचीन इंग्रजीत हे धातुसाधित पुष्कळदा कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे विकार पावत असे. ‘मी पत्र लिहिले आहे’, ‘मी चिठ्ठी लिहिली आहे’ या आपल्या वाक्यांत ते आजही होते. इंग्रजीने तो विकार गमावला, आपण राखला. त्यांनी ‘हॅव’ योजले, आपण ‘असणे’. गतिवाचक क्रियापदांबरोबर इंग्रजीतही बराच काळ ‘असणे’च होते, ‘ही इज कम’ असे अठराव्या शतकातही सर्रास लिहिले जाई. एकाच कामासाठी इतिहासाने दोन हत्यारे वापरली, यापलीकडे त्यातून कोणत्याही समाजाच्या लोभाचे मोजमाप निघत नाही.

आता मराठीकडे. मराठीत ‘हॅव’ नाही हे खरे. मग ‘हॅव’चे काम कोण करते? शालेय पुस्तकांतील ‘हॅव म्हणजे जवळ असणे’ हे उत्तर फारच तोकडे आहे. ‘मला दोन भाऊ आहेत’ येथे चतुर्थी लागते. ‘माझ्याजवळ दोन भाऊ आहेत’ म्हटले तर भाऊ या क्षणी शेजारी बसले आहेत असा अर्थ होईल. ‘घराला चार खिडक्या आहेत’, ‘त्याला ताप आहे’ येथेही चतुर्थीच. ‘त्याच्या अंगी धैर्य आहे’ येथे गुणाला अधिकरण लागते. पैसा ‘जवळ’, ‘पाशी’ किंवा ‘कडे’ असतो. ‘बाळगणे’ हे क्रियापद ‘हॅव’च्या पुष्कळ जवळ जाते, पण ते शस्त्र, अभिमान व भीती यांच्यापुरते, ‘मी दोन भाऊ बाळगतो’ असे म्हणणाऱ्याची घरी काय वासलात लागेल ते सांगावयास नको.

या सर्वांत अत्यंत अर्थपूर्ण भेद षष्ठी आणि ‘कडे’ यांचा आहे. ‘पाटलांचे शेत गणपाकडे आहे’ या वाक्यात मालक कोण आणि कसणारा कोण याविषयी तिळमात्र संदिग्धता नाही. त्याचे इंग्रजी करताना ‘गणपा हॅज पाटील्स फील्ड’ असे म्हटले तर ‘हॅव’ने काहीच निर्णय दिला नाही, तो शेताच्या विशेषणाने दिला. मराठीची विभक्ती हा निर्णय प्रत्येक वेळी देते. १९४८ सालच्या मुंबई कूळकायद्याने आणि त्याच्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७ या ‘कृषकदिना’ने जे घडवू पाहिले, ते व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर जमीन ‘कुळाकडे’ होती ती ‘कुळाची’ करणे हे होते. ‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेचे सारे बळ त्या षष्ठीत आहे. ‘कसेल त्याच्याकडे जमीन’ ही घोषणा झाली नसती. ती तर आधीपासूनची वस्तुस्थिती होती. ज्या भाषेत एका प्रत्ययासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली, ती भाषा स्वामित्वाविषयी उदासीन आहे असे म्हणणे हे त्या भांडणाऱ्यांच्या दृष्टीने क्रूर विनोदच ठरेल.

हाच प्रकार संस्कृतात. तेथेही ‘हॅव’ नाही. गोमान्, धनवान् अशी रूपे सिद्ध करणाऱ्या मतुप् प्रत्ययाचा अर्थ पाणिनी ‘असणे’ या धातूनेच सांगतो. अमुक वस्तू याची आहे किंवा याच्या ठायी आहे, एवढाच. तरीही ‘स्वत्व’ म्हणजे नेमके काय, याचा ऊहापोह धर्मशास्त्रात सूक्ष्मपणे झाला आहे. स्वत्व शास्त्रावरूनच कळते की लोकव्यवहारावरून, या प्रश्नावर मिताक्षरेत विज्ञानेश्वराने विस्तृत विचार करून ते लौकिक आहे असा निर्णय दिला. आपल्याकडे वतन, मिरास, इनाम यांचे कागद ज्या भाषेत लिहिले गेले तीही ‘हॅव’विरहितच. वंशपरंपरेने उपभोग घेण्याची तजवीज त्यांत काटेकोरपणे केलेली असते.

फ्रॉम यांच्या अनुमानाला सर्वांत मोठा धक्का मात्र रोमकडून बसतो. लॅटिनमध्ये दोन्ही रचना उपलब्ध होत्या: ‘हाबेओ’ म्हणजे ‘मी बाळगतो’ व ‘मिही एस्त’ म्हणजे ‘मला आहे’. खासगी मालमत्तेचा कायदा ज्या समाजाने युरोपला शिकविला, त्या समाजाने मालकीचा दावा सांगताना कोणते क्रियापद निवडले? दुसऱ्या शतकातील गायस या धर्मशास्त्र्याने दाव्याचा जो प्राचीन विधी वर्णिला आहे, त्यात वादी वस्तूला हात घालून ती रोमन नागरिकांच्या कायद्यानुसार ‘माझी आहे’ असे उच्चारतो. षष्ठीवजा सर्वनाम आणि ‘असणे’! आणि गायसच्या वर्णनात ज्या वस्तूवर हा दावा सांगितला जातो ती वस्तू म्हणजे एक गुलाम, एक मनुष्य आहे. माणसाने माणसावर सांगितलेली मालकी ही संग्रहवृत्तीची परिसीमा. ती व्यक्त करताना ‘हाबेओ’ची गरज भासली नाही.

आजची उदाहरणे शोधण्यासही लांब जावे लागत नाही. फिनिश, हंगेरियन, तुर्की या भाषांत ‘हॅव’ नाही. रशियन भाषेत ‘मजपाशी आहे’ अशीच नित्याची रचना आहे, आणि १८६१ पर्यंत त्या देशात जमीनदारांच्या मालकीत भूदास होते. सहा-सात भाषांची साक्ष म्हणजे सर्व भाषांची गणना नव्हे, हे मान्य. तथापि ज्या अनुमानाला इतके सहज व इतके ठळक प्रतिदृष्टांत सापडतात, ते सूचना म्हणूनही टिकणे कठीण.

मग फ्रॉम यांच्या निरीक्षणात काहीच तथ्य नाही काय? आहे, पण ते अन्यत्र आहे. रुग्ण ‘मी झोपू शकत नाही’ असे न म्हणता ‘आय हॅव इन्सोम्निया’ म्हणतो, स्वतःची अवस्था वस्तूसारखी स्वतःपासून दूर ठेवतो, असे ते दाखवून देतात. निरीक्षण मार्मिक आहे. याच प्रकरणात त्यांनी द्यु मार्से या अठराव्या शतकातील फ्रेंच वैयाकरणाचा दाखला दिला आहे. ‘माझ्याजवळ घड्याळ आहे’ हा क्रियापदाचा मूळ अर्थ आणि ‘माझ्याजवळ कल्पना आहे’ हे त्याचे अनुकरण, असा भेद त्याने केला होता. परंतु या उदाहरणाचे मराठी करून पाहा. ‘मला झोप येत नाही’ याऐवजी आपला सुशिक्षित रुग्णही आता ‘मला निद्रानाश आहे’ असे म्हणतो. ‘मी चिंतेत आहे’ याऐवजी ‘मला प्रॉब्लेम आहे’ म्हणतो. अंतर तेच पडले, अवस्था तशीच वस्तू झाली, आणि वाक्यात ‘हॅव’चा मागमूस नाही. यावरून आरोपी कोण ते कळते. दोष क्रियापदाचा नसून नामाचा आहे. क्रियेचे नाम केले, वैद्यकाने त्या नामाला पोथीत जागा दिली, की मग ते नाम कर्त्याला ‘हॅव’ने जोडा नाही तर चतुर्थीने जोडा, परिणाम एकच. फ्रॉम स्वतःही नामांच्या वाढत्या वापराची तक्रार करतात. त्यांनी तेवढाच धागा धरून ठेवला असता तर त्यांचे विवेचन अधिक भक्कम झाले असते.

त्यांचा नैतिक उपदेश या टीकेने बाधित होत नाही. संग्रहाने मनुष्य मोठा होत नाही हे पटण्यासाठी क्रियापदांची जंत्री लागत नाही. आक्षेप आहे तो व्याकरणाला साक्षीदार म्हणून उभे करण्यास, आणि त्याहून अधिक, त्या साक्षीच्या बळावर स्वतःला विरागी म्हणवून घेणाऱ्या आपल्या व्यासपीठांना.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे सांगावयास हवी. फ्रॉम यांच्या ग्रंथाचे नावच मराठीत कसे आणावे, हा प्रश्न वर्गात निघाला तेव्हा विद्यार्थ्यांनी अनेक पर्याय सुचविले. ‘जवळ असणे की असणे’ यात भेद केवळ ‘जवळ’ या शब्दाचा उरतो आणि तोही भौतिक सान्निध्याचा वाटतो. ‘माझे असणे की मी असणे’ हा पर्याय एका विद्यार्थिनीने मांडला. त्यात षष्ठी आणि प्रथमा यांचा सामना लागतो व मूळ विरोध पुष्कळसा उतरतो. परंतु ‘माझे असणे’ याचा दुसरा अर्थ ‘माझे अस्तित्व’ असाही होतो, आणि मग दोन्ही बाजू एकच होऊन बसतात. वर्ग हसला. तास संपेपर्यंत याहून चांगला पर्याय कोणाला सुचला नाही, मलाही नाही.